गाजरगवताचा बंदोबस्त बांधावरून सुरू होतो

मृगाचा पहिला चांगला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले, की आमच्या खानदेशातल्या गिरणाकाठच्या शिवारात कपाशीचा कोंब वर येण्याआधी जे हिरवे दिसू लागते ते बहुतेक गाजरगवत असते. ते वावरात कमी आणि वावराबाहेर जास्त असते. बांधावर, पाणंदीच्या दोन्ही कडांना, विहिरीच्या थारोळ्याभोवती, उकिरड्याच्या बगलेला आणि पाटचारीच्या भरावावर ते दाटीने उगवते. वावरातल्या तणाकडे शेतकऱ्याचे लक्ष असते, कारण ते पिकाच्या तोंडचे खत खाते. बांधावरचे तण मात्र दिसूनही कोणी पाहत नाही, कारण सामाईक बांध धड याचा नसतो आणि धड त्याचा नसतो. वर्षानुवर्षे निंदणीवर पैसा घालूनही हे तण कमी का होत नाही, या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या वावरात नव्हे, तर त्या बांधावर मिळाले. म्हणून या लेखात आधी हे झुडूप वाढते आणि पसरते कसे ते सांगितले आहे, आणि मग त्याला कोणत्या दिवसांत, कोठे आणि कशाने गाठावे ते.

नावात गवत असले तरी हे गवत नाही. सूर्यफूल आणि झेंडू ज्या कुळातले, त्याच कुळातले हे झुडूप असून त्याचे मूळ घर मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा उष्ण प्रदेश होय. पान गाजराच्या पानासारखे कातरलेले, म्हणून गाजरगवत. फुलांच्या चांदण्यांवरून चटकचांदणी. आणि काँग्रेस गवत हे नाव पांढऱ्या टोपीवरून पडले की त्या काळच्या राज्यकर्त्या पक्षावरून, याबद्दल प्रत्येक पारावर वेगळी कथा ऐकू येते. महाराष्ट्रात ते १९५० च्या दशकात पुण्यात लक्षात आले. अमेरिकेतून पीएल-४८० या धान्यमदतीच्या करारान्वये आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेथून ते रस्ता, रेल्वे आणि धान्याची पोती यांच्या वाटेने देशभर गेले.

वाढते कसे

उगवल्यानंतर पहिले काही आठवडे हे रोप जमिनीला चिकटून, मुळ्याच्या पाल्यासारखा पानांचा चक्राकार पसारा करून बसते. या अवस्थेत ते निरुपद्रवी वाटते आणि शेवंतीच्या कोवळ्या रोपाची आठवण करून देते. त्या पसाऱ्याखाली दुसरे कोणतेही बी सहसा डोके वर काढत नाही. एक तर सावलीमुळे, आणि दुसरे म्हणजे पार्थेनिन नावाचे द्रव्य व त्याच्या जोडीची इतर काही रसायने या झाडाच्या पानांतून आणि मुळांतून जमिनीत उतरून शेजारच्या बियांची उगवण रोखतात म्हणून. खाली सोटमूळ धरले जाते आणि मग एकाएकी मधून खोड वर येते. खोडावर उभ्या रेघा आणि बारीक लव असते. ओल आणि जागा मिळाली तर झाड कमरेच्या वर, प्रसंगी माणसाच्या डोक्याएवढे होते, आणि ओल नसेल तर वीतभर उंचीवरच फुलते. दुष्काळी वर्षात खडकाळ बांधावर चार पानांच्या रोपाला फूल लागलेले मी पाहिले आहे.

उगवण्यापासून फूल येण्यापर्यंत त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि या तणाच्या बंदोबस्ताचे सगळे गणित या एका आकड्यावर उभे आहे.

फूल हातात घेऊन पाहण्यासारखे असते. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो ज्वारीच्या दाण्याएवढा, किंचित पाचकोनी, अनेक फुलांचा गुच्छ असतो. त्याच्या कडेला एकेका पांढऱ्या पाकळीची पाच फुले असतात, आणि बी धरते ते याच पाचांत. मधल्या फुलांचा उपयोग केवळ परागापुरता असतो. वाळलेला गुच्छ तळहातावर चोळून फुंकर मारली, की भुसा उडून जातो आणि दोन मिलिमीटर लांबीचे, काळसर, चपटे असे जास्तीत जास्त पाच दाणे मागे राहतात. प्रत्येक दाण्याच्या दोन्ही अंगांना वाळक्या फुलांचे दोन कागदी पदर चिकटलेले असतात, आणि त्यांच्यामुळे तो पाण्यावर तरंगतो व वाऱ्याने थोडा सरकतो. एका गुच्छात पाचच बी म्हटल्यावर धोका लहान वाटतो. पण एका जोमदार झाडावर असे गुच्छ हजारोंनी असतात आणि त्यामुळे एका झाडाचे बी १५ ते २५ हजारांपर्यंत जाते. बी पडले की त्याला विश्रांतीची फारशी गरज नसते. ओल मिळाली तर तेच बी त्याच हंगामात पुन्हा उगवते. जमिनीच्या पृष्ठावर उघडे पडलेले बी फार काळ टिकत नाही. पण नांगरटीने खाली गाडले गेलेले बी कित्येक वर्षे जिवंत राहते आणि पुढच्या एखाद्या नांगरटीत वर आले की रुजते. आपल्या वावरात एकही झाड नसताना खोल नांगरणीनंतर अचानक गाजरगवत का उगवते, याचे कारण हेच.

पसरते कसे

वाऱ्याला आपण उगाच दोष देतो. वारा हे बी फार तर शेजारच्या ओळीत नेतो. गावोगाव नेतात ते पाणी, चाके, खुरे आणि माणसे. आमच्याकडे जामदा कालव्याला आवर्तन सुटले, की पहिल्या पाण्याबरोबर काडीकचरा वाहत येतो आणि चारीच्या तोंडाशी अडकून बसतो. तो कचरा पाटकरी फावड्याने ओढून काठावर टाकतो, आणि महिन्याभराने नेमकी तीच जागा हिरवीगार होते. पांझरेच्या खोऱ्यातल्या जुन्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी गावाने मिळून वाटून घेण्याच्या पद्धतीत, पाट साफ ठेवणे हे सर्वांचे सामाईक काम असे. जेथे ती शिस्त अजून टिकून आहे, तेथे चारीकाठचे तण कमी दिसते, असे मला तिकडे फिरताना जाणवले. रावेर-यावल-चोपड्याच्या केळीपट्ट्यात मालाच्या गाड्या थेट बागेच्या कडेपर्यंत येतात आणि चाकांच्या चिखलातून बी आणतात. मळणीयंत्र आणि भाड्याचा ट्रॅक्टर एका शिवारातून दुसऱ्यात जाताना फणाला व चाकाला माती तशीच असते. मेंढ्यांचे वाडे वावरात बसवणे हे जमिनीसाठी उत्तमच आहे आणि त्याला माझा अजिबात विरोध नाही. पण कळप आदल्या रात्री कोठे होता हे ठेलारी म्हणजे मेंढपाळ बांधवांना विचारून घ्यावे आणि वाडा उठल्यावर पहिल्या पावसात ती जागा एकदा नजरेखालून घालावी.

सर्वांत मोठा वाहक मात्र आपला उकिरडा असतो. निंदणीत उपटलेले, फुलावर आलेले गाजरगवत बाया बांधावर टाकतात, तेथून ते गोठ्याच्या कडेला जाते, गोठ्यातून उकिरड्यात, आणि उन्हाळ्यात शेणखताबरोबर सगळ्या वावरभर. हे मी अनुमानाने सांगत नाही. एका वर्षी फुलावर आलेली झाडे खड्ड्यात टाकून त्यांचे खत केल्याच्या आनंदात मी ते केळीच्या नव्या लागवडीला घातले. पुढच्या श्रावणात ठिबकच्या नळीच्या दोन्ही बाजूंनी, जेथे जेथे खताचे टोपले पालथे केले होते तेथे तेथे, गाजरगवताचे गोल ठिपके उगवले. इतके नेमके, की खत कोणत्या खोडाला पडले आणि कोणत्याला चुकले हे त्यावरून मोजता आले असते. आमच्या सालदाराने कपाळाला हात लावून एवढेच म्हटले, “कितलं बी उपटा नाना, ते परत येसच.” त्या वर्षी ते परत आले नव्हते, मीच टोपल्याने आणून घातले होते.

अंगाला लागते म्हणजे काय

सातपुड्यातल्या बिब्ब्याचे तेल अंगाला लागले तर बिब्बा उततो, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळात उत्तर अमेरिकेतली एक विषारी वेलही येते. पॉयझन आयव्ही या नावाच्या तीन-तीन पानांच्या त्या वेलीच्या चिकाने तिकडच्या बहुतेकांच्या अंगावर फोड उठतात. गाजरगवताची तऱ्हा याहून वेगळी आणि जास्त फसवी आहे. ते पहिल्या दिवशी काहीच करत नाही. वर्षानुवर्षे उघड्या हातांनी ते उपटणाऱ्या माणसाला एखाद्या हंगामात अचानक खाज सुटते, आणि एकदा शरीराने पार्थेनिनला शत्रू मानले की ते वावडे सहसा आयुष्यभर जात नाही. झाडाच्या लवेत हे द्रव्य असते. लव आणि वाळलेल्या पानांचा चुरा हवेत उडतो, त्यामुळे झाडाला हात न लावताही पापण्या, कानांमागचा भाग, गळा, मानेचा उघडा त्रिकोण आणि कोपराची घडी येथे त्वचा लाल होऊन खाजते, पुढे काळी आणि जाड होते. उन्हात गेल्यावर त्रास वाढतो. परागामुळे काहींना शिंका, नाक गळणे आणि दम लागणे हेही होते.

ज्या सालदाराचा उल्लेख वर आला, त्याला दर भादव्यात मानेवर असे चट्टे येत. रक्त बिघडले म्हणून त्याने वर्षानुवर्षे काढे घेतले, आंबट सोडले, वांगे सोडले. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञाने पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी केली तेव्हा कारण कळले. म्हणून एवढेच सांगतो की दर हंगामात त्याच महिन्यात, त्याच उघड्या भागांवर खाज येत असेल तर दुकानातून आणलेले मलम चोळत न बसता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, आणि ज्याला हे वावडे आहे त्याला हातमोजे देऊनही या कामाला लावू नये. इतरांनी रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नाकातोंडावर रुमाल एवढे तरी वापरावे. कापूस वेचणाऱ्या आमच्याकडच्या बाया साडीवर जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तोच येथेही उत्तम आहे. फक्त तो शर्ट घरच्या कपड्यांत धुऊ नये.

जनावरे हे झाड सहसा खात नाहीत, पण चाराटंचाईत खातात. तेव्हा दुधाला कडवट वास येतो, आणि चाऱ्यात त्याचे प्रमाण फार असेल तर जनावर दगावू शकते, हे प्रयोगांतून दिसलेले आहे. पिकांच्या बाजूने पाहिले तर हे झाड कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाला बारमाही आसरा देते. सूर्यफूल आणि भुईमूग यांच्यावर येणाऱ्या स्ट्रीक विषाणूचे ते घर आहे. झाडावर लक्षण दिसत नाही, पण त्याच्या परागाबरोबर फुलकिड्यांमार्फत विषाणू पिकावर पोहोचतो. उन्हाळी भुईमूग घेणाऱ्याने निदान या कारणासाठी तरी बांध स्वच्छ ठेवावा.

केव्हा आणि कसे उपटावे

पहिला पाऊस ज्या दिवशी पडला त्या दिवसाची दिनदर्शिकेवर खूण करावी. त्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यात पहिली फेरी आणि पाचव्या आठवड्याच्या आत दुसरी फेरी मारावी. आमच्याकडे याचा अर्थ पहिली फेरी जुलैच्या सुरुवातीला आणि दुसरी जुलै सरण्याआधी, असा होतो. नेमक्या याच दिवसांत कपाशीची कोळपणी आणि पहिली निंदणी असल्यामुळे मजूर मिळत नाहीत आणि बांधाचे काम पोळ्यापर्यंत लांबते. पोळ्याला बांध पांढराशुभ्र झालेला असतो. त्यानंतर ते उपटणे म्हणजे बी झाडण्याचे काम मजुरी देऊन करवून घेणे होय. मजूर कमी असतील तर वावराची एक निंदणी दोन दिवस पुढे ढकलावी, पण बांधाची फेरी ढकलू नये, असे माझे मत आहे. अनेक अनुभवी शेतकऱ्यांना ते पटत नाही, हेही मला माहीत आहे.

उपटण्यासाठी पाऊस होऊन गेल्यानंतरचा, जमीन वाफशावर येण्याच्या थोडा आधीचा दिवस निवडावा. आमच्या काळ्या जमिनीत वाळल्यावर सोटमूळ असे आवळले जाते, की झाड हातात येते आणि मूळ खालीच राहते. झाड बुंध्याशी, जमिनीलगत धरावे, किंचित पिळून सरळ वर ओढावे. पसाऱ्याच्या अवस्थेतले रोप हाताने धरता येत नाही. त्यासाठी खुरपीचे टोक मुळाच्या बाजूने तिरके घालून पानांच्या बेचक्याखालून मूळ तोडावे. विळ्याने कापणे किंवा गवत कापायच्या यंत्राने सपाट करणे हा मात्र शुद्ध भ्रम आहे. कापलेल्या बुंध्यातून चार-पाच फांद्या फुटतात, त्या बुटक्या राहतात आणि आधीपेक्षा लवकर फुलतात. रस्त्याच्या कडा यंत्राने साफ केलेल्या दिसतात आणि तीन आठवड्यांनी पुन्हा पांढऱ्या होतात, त्याचे कारण हे आहे.

झाडाला फूल आलेलेच असेल तर काय करावे, असा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. अशा वेळी झाड हलवण्याआधी त्यावर प्लॅस्टिकची गोणी पालथी घालावी, गोणीसकट बुंधा धरून उपटावे आणि गोणीचे तोंड बांधून ती उन्हात तशीच ठेवून द्यावी. शंभर झाडांसाठी हे शक्य आहे, शंभर गुंठ्यांसाठी नाही. वाळलेले ढीग पेटवू नयेत. ओढताना बी जमिनीवर झडून जाते, आणि वाळक्या पाल्याची धूळ व धूर वावडे असलेल्या माणसाला त्रासदायक ठरतो.

पिकात हे तण तुलनेने सहज आटोक्यात येते, कारण त्याला उघडी जागा लागते. कपाशीच्या रुंद ओळींत मूग किंवा उडीद घेतला तर पहिले पन्नास दिवस जमीन झाकलेली राहते, आणि नेमके तेच दिवस महत्त्वाचे असतात. केळीत ठिबक असेल तर ओल नळीलगतच्या पट्ट्यापुरती असते आणि तणही तेवढ्याच पट्ट्यात येते. त्या पट्ट्यावर केळीची वाळलेली पाने अंथरली की बरेच काम आपोआप होते. पेरणीपूर्वी उगवलेले पहिले तण वखराच्या उथळ पाळीने मारावे. उथळ अशासाठी, की बी उगवते ते वरच्या थरातलेच. खोल नांगरणीने खालचे जुने बी वर आणून ठेवण्यात काही शहाणपणा नाही.

भुंगा आणि तरोटा

पडीक, गायरान, रेल्वेच्या कडा, नदीचा पात्रकाठ अशा जागा उपटून संपणाऱ्या नाहीत. तेथे मेक्सिकन भुंग्याचा उपयोग करावा. झायगोग्रामा या नावाने ओळखला जाणारा हा भुंगा १९८३ साली मेक्सिकोतून बंगळूरला आणला गेला आणि तपासणीनंतर १९८४ पासून शेतात सोडला गेला. तो सुमारे सहा मिलिमीटर लांबीचा, मळकट पांढऱ्या रंगाचा असून पाठीवर गडद तपकिरी नागमोडी रेघा असतात. भुंगा आणि त्याची पिवळसर अळी दोघेही पाने आणि कळ्या खातात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो सूर्यफुलावर दिसल्याची ओरड झाली आणि सोडण्याचे काम थांबवले गेले. पुढे अभ्यासातून असे दिसले, की सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे पराग पडलेले असतील तरच तो तेथे तोंड घालतो, आणि त्याने पिकाचे खरे नुकसान होत नाही.

हिवाळ्याच्या तोंडाला हा भुंगा जमिनीत शिरून झोपतो आणि पावसाळा सुरू झाल्यावर वर येतो. याचा अर्थ असा, की तण उगवल्यानंतरच त्याचे काम सुरू होते आणि त्याची संख्या वाढून परिणाम दिसेपर्यंत ऑगस्ट उजाडतो. म्हणून त्याच्यावर बांध सोपवू नये. त्याला पडीक द्यावे. ज्या ठिकाणी पाने चाळणीसारखी झालेली दिसतील तेथून जुलै-ऑगस्टमध्ये सकाळच्या वेळी भुंगे हाताने गोळा करावेत, झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात गाजरगवताचा थोडा पाला घालून न्यावेत आणि नव्या जागी एका ठिकाणी पुष्कळ सोडावेत. हेक्टरी ५०० ते १,००० भुंगे ही नेहमीची शिफारस आहे. दहा-वीस भुंगे सर्वत्र विखरून सोडल्यास ते एकमेकांना भेटतच नाहीत. सोडलेल्या जागी कीटकनाशक जाऊ देऊ नये आणि ती जमीन हिवाळ्यात नांगरू नये. भुंगे जवळपास नसतील तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या जवळच्या केंद्रात चौकशी करावी.

भुंग्याच्या जोडीला तरोटा, म्हणजेच टाकळा, हवा. रिकामी झालेली जागा कोणीतरी घेणारच. ती गाजरगवताने घेण्याऐवजी तरोट्याने घेतलेली बरी. दिवाळीच्या सुमारास तरोट्याच्या शेंगा वाळतात, तेव्हा बी गोळा करून ठेवावे आणि आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर), पावसाच्या आधी, पडीकावर दाट फोकून द्यावे. पहिल्या वर्षी दोघेही उगवतात आणि निराशा होते; पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत मात्र तरोट्याची दाट सावली गाजरगवताच्या पसाऱ्याला जागा देत नाही. कोवळा तरोटा भाजीला येतो, हा वरचा फायदा. घराजवळ आणि शाळेच्या कुंपणालगत झेंडूचे दाट ताटवेही हेच काम करतात, आणि दिसतातही चांगले.

उपटलेल्याचे खत

फूल येण्याआधी उपटलेला पाला हे नत्राने भरलेले उत्तम खताचे साहित्य आहे, ते वाया घालवू नये. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने सुचवलेली पद्धत आमच्याकडे चांगली चालते. पाणी न साचणाऱ्या उंच जागी ३ फूट खोल, ६ फूट रुंद आणि १० फूट लांब खड्डा घ्यावा व तळ आणि बाजू चोपून घट्ट कराव्यात. सुमारे ५० किलो पाल्याचा एक थर, त्यावर शेणकाला शिंपडून थोडी माती आणि थोडा युरिया किंवा रॉक फॉस्फेट, मग ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी भुरभुरून पुन्हा पाला, असे थर पायांनी दाबत खड्डा जमिनीच्या वरपर्यंत भरावा आणि शेण, माती व भुसा यांच्या काल्याने घुमटासारखा लिंपून टाकावा. चार ते पाच महिन्यांत खत तयार होते. ते चाळून घ्यावे. लिंपण भेगाळले तर लगेच बुजवावे, कारण आतली उष्णता टिकली तरच चुकून आलेले बी मरते. तरीही एखाद्या झाडाला फूल दिसले तर ते खड्ड्यात जाऊ देऊ नये. माझ्या केळीतले ठिपके हा त्याचा पुरावा आहे. हे खत मी आता आधी एका कुंडीत भरून, पाणी घालून पंधरा दिवस ठेवतो. कुंडीत काही उगवले नाही तरच ते वावरात जाते.

औषधांविषयी

तणनाशकाने गाजरगवत मरते यात शंका नाही, पण जमिनीतल्या बियांवर फवारलेल्या ग्लायफोसेटचा काहीही परिणाम होत नाही, हे लक्षात घेतल्याशिवाय खर्च करू नये. ग्लायफोसेट जे हिरवे दिसेल ते सर्व मारते, म्हणून ते पिकाबाहेरच्या मोकळ्या जागेसाठीच आहे आणि त्याची शिफारस साधारण १ ते १.५ टक्के तीव्रतेची असते. २०२२ साली केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली आहे. त्यामुळे खरेदीपूर्वी तालुका कृषी कार्यालयात सध्याचा नियम विचारून घ्यावा. जेथे चाऱ्याचे गवत राखायचे आहे तेथे ०.३ ते ०.५ टक्के मेट्रीब्युझीन वापरतात. ते रुंद पानांच्या तणाला मारते आणि गवत बहुतांशी राखते. फवारणी फुलाआधी, वारा पडलेला असताना करावी. पाटाचे गढूळ पाणी पंपात घेऊ नये, कारण ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटून निकामी होते आणि मग औषध खोटे निघाल्याची तक्रार दुकानदाराकडे जाते.

टू-फोर-डी या तणनाशकाबद्दल कपाशीच्या मुलखात हात जोडून सांगावेसे वाटते. कपाशी या औषधाला विलक्षण नाजूक आहे. एकदा मी बांधावर ते फवारलेला पंप दोनदा धुऊन कपाशीवर मावा-तुडतुड्यांचे औषध मारायला घेतला. आठवड्याने शेंड्याची नवी पाने रुंद येण्याऐवजी बोटांसारखी चिरलेली, शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या समांतर झालेल्या अशी येऊ लागली. पाते, म्हणजे फुलाच्या कळ्या, गळाले आणि कपाशीच्या सहा ओळी वाया गेल्या. दोनदा धुणे पुरत नाही. तणनाशकाचा पंप, बादली आणि मोजायचे झाकण वेगळे ठेवावे आणि पंपावर तैलरंगाने ठळक खूण करावी.

मिठाचे पाणी फवारण्याचा उपायही सांगितला जातो. लिटरला २०० ग्रॅम मीठ या प्रमाणात ते पाने जाळते हे खरे आहे. परंतु आपल्या निचरा कमी असलेल्या काळ्या जमिनीत बांधावर मीठ ओतणे मला मान्य नाही, कारण पावसाने ते शेवटी वावरातच उतरते. दगडी फरसबंद अंगण किंवा भिंतीच्या फटी यांच्यापुरते ते ठीक आहे.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या दिवसांत देशभर गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. जागृतीसाठी तो योग्य असला तरी आमच्या भागात उपटण्यासाठी तो उशिराचा आहे. तोवर पहिली फळी फुललेली असते. त्या आठवड्यात मी दुसरेच काम करतो. सामाईक बांधाच्या शेजाऱ्यांना बरोबर घेऊन शिवाराला एक फेरी मारतो आणि जेथे पांढरे दिसेल तेथे बांधावर चुन्याचा दगड ठेवतो. पुढच्या वर्षी मृगाचा पाऊस पडला, की पहिली फेरी त्या दगडांपासून सुरू होते. गेल्या पावसाळ्यात विहिरीकडच्या बांधावर असे अकरा दगड होते, त्याआधीच्या वर्षी तेवीस होते. आणि चारीच्या तोंडाशी असलेले चारही दगड अजून जागेवरच आहेत, कारण तेथले बी वरच्या गावांकडून पाण्याबरोबर येते.